‘बॉर्डरलाइनच आहे ना, मग काय एवढं!’

आत्याने फाइल उघडली, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि ती इंग्रजी ओळ दोनदा वाचली. मग तिचा चेहरा एकदम सैल पडला.

“अगं, बॉर्डरलाइनच आहे ना? मला वाटलं, काय निघतंय कोण जाणे. ह्यांची शुगर सहा वर्षं बॉर्डरलाच आहे. भात कमी केला की झालं.”

माझी आतेबहीण शेजारीच बसली होती. वय २६, चांगली नोकरी, आणि गेल्या दोन वर्षांत तीनदा रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यावी लागलेली. ती काही बोलली नाही. त्या रात्री तिने तोच शब्द मोबाइलवर शोधला. समोर काय आलं? अशा माणसापासून सुटका कशी करून घ्यावी. तुमची मैत्रीण ‘बॉर्डरलाइन’ आहे हे ओळखायच्या खुणा. लाल अक्षरं, ताणलेले चेहरे, मागे भीतिदायक संगीत. आईच्या मते तिला जवळजवळ काहीच झालेलं नव्हतं आणि मोबाइलच्या मते ती राक्षसीण होती.

बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर या आजाराबद्दलचे बहुतेक गैरसमज या दोन टोकांमध्ये बसतात. सुरुवात शब्दापासूनच करायला हवी, कारण घोटाळा तिथेच झालाय.

आपल्याकडे ‘बॉर्डरलाइन’ म्हणजे काठावर. काठावर पास, शुगर बॉर्डरला, प्रेशर बॉर्डरला. पण या आजाराच्या नावातली बॉर्डर तीव्रतेची नाही. १९३८ साली न्यूयॉर्कमधल्या ॲडॉल्फ स्टर्न या मनोविश्लेषकाने हा शब्द काही रुग्णांसाठी वापरला. तेव्हाच्या डॉक्टरांच्या डोक्यात मनाच्या आजारांचा एक ढोबळ नकाशा होता. एका बाजूला वास्तवाचं भान शाबूत असलेले चिंताग्रस्त, बेचैन लोक. दुसऱ्या बाजूला भास-भ्रमांनी ते भान सुटलेले. काही रुग्ण या दोन्ही रकान्यांत बसेनात, म्हणून त्यांना मधल्या रेघेवर उभं केलं. पुढे १९६०-७० च्या दशकांत ऑटो केर्नबर्ग, जॉन गंडरसन यांनी त्या धूसर वर्णनाला आकार दिला आणि १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत निदान-पुस्तकात हे नाव छापून आलं. तो जुना नकाशा केव्हाच मोडीत निघाला, नाव मात्र राहिलं. जकात बंद झाली तरी बस ‘जकात नाक्या’लाच थांबते, तसं.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या आधीच्या यादीत ‘भावनिकदृष्ट्या अस्थिर व्यक्तिमत्त्व’ असं नाव घेऊन त्यात बॉर्डरलाइन हा एक उपप्रकार ठेवला होता. २०२२ पासून लागू झालेल्या नव्या यादीत आधी व्यक्तिमत्त्वाची अडचण सौम्य, मध्यम की तीव्र हे ठरवायचं आणि गरज असेल तर ‘बॉर्डरलाइन धाटणी’ अशी पुस्ती जोडायची, अशी पद्धत आहे. मला हे जास्त पटतं. किमान आत्यासारख्या माणसाला ‘तीव्र’ हा शब्द तरी दिसला असता.

मग असतं काय नेमकं? अमेरिकन पुस्तकात नऊ निकष आहेत. त्यांपैकी किमान पाच, तेही दीर्घकाळ आणि आयुष्याच्या वेगवेगळ्या क्षेत्रांत दिसायला हवेत. आपल्याला सोडून जातील याची जिवाचा थरकाप करणारी भीती. नाती आज देव्हाऱ्यात तर उद्या उकिरड्यावर. आपण नक्की कोण आहोत याचाच पत्ता नसणं. आततायीपणा. स्वतःला इजा करणं किंवा आत्महत्येचे प्रयत्न. तासातासाला पालटणारा मूड. आत कायमची पोकळी. न आवरणारा राग. आणि ताण फार वाढला की थोडा वेळ संशय किंवा ‘मी इथे नाहीच’ अशी बधिरता. नऊतले कुठलेही पाच म्हटल्यावर हिशेब केला तर २५६ प्रकारे हे निदान होऊ शकतं. एकच निदान झालेल्या दोघांत फक्त एकच लक्षण समान असणंही शक्य आहे. त्यामुळे ‘माझ्या ऑफिसात एक बॉर्डरलाइन होती, त्या सगळ्या अशाच असतात’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही.

पण निकषांच्या यादीतून आजार कळत नाही. तो एखाद्या संध्याकाळी कळतो.

समजा, रात्रीचे ८ वाजून ४० मिनिटं झालीत. तिने मित्राला मेसेज केलाय, ‘पोचलास?’ दोन टिका आल्या, निळ्या होत नाहीत. तुम्ही-आम्ही काय करू? कुकर लावू. तिच्या मात्र छातीत पाचव्या मिनिटाला काहीतरी आवळायला लागतं. दहाव्या मिनिटाला ती कालचं सगळं बोलणं पुन्हा वाचते, आपण कुठे चुकलो ते शोधत. पंधराव्या मिनिटाला खात्री पटते, तो कंटाळलाय. विसाव्या मिनिटाला अकरा मिस्ड कॉल. नऊ वाजता एक लांबलचक मेसेज: तू कधीच माझा नव्हतास, पुन्हा तोंड दाखवू नकोस. नऊ वाजून दोन मिनिटांनी: सॉरी, प्लीज, जाऊ नकोस. सव्वानऊला त्याचा फोन येतो. मोबाइल चार्जिंगला लावून तो आंघोळीला गेला होता.

बाहेरून हे नाटक दिसतं. आतून ती पस्तीस मिनिटं म्हणजे खरोखरची ताटातूट असते. शरीराला फरक कळत नाही. धडधड, घाम, पोटात गोळा, सगळं खरं असतं. फोन आल्यावर आपण सुटकेचा श्वास टाकू, तिचा पारा मात्र उतरायला आणखी दोन तास घेतो. आणि मग सुरू होते स्वतःचीच किळस.

या आजारावरची सर्वात नावाजलेली उपचारपद्धती घडवणाऱ्या मार्शा लिनेहान यांनी अशा माणसांची तुलना खोलवर भाजलेल्या रुग्णांशी केली आहे: भावनांवर कातडीच उरलेली नसते, नुसता स्पर्श झाला तरी आग होते. भाजलेल्या माणसाला हात लावल्यावर तो ओरडला, तर आपण त्याला नाटकी म्हणत नाही.

आता पडद्याकडे येऊ. १९८७ साली ‘फेटल अट्रॅक्शन’ नावाचा हॉलिवूडपट आला. एका विवाहित माणसाचं दोन दिवसांचं प्रकरण, आणि नंतर त्याचा पिच्छा न सोडणारी ॲलेक्स. ती त्याच्या मुलीचा पाळीव ससा मारून उकळते, त्या प्रसंगावरून इंग्रजीत अशा बाईसाठी एक शिवीच रूढ झाली. चित्रपटात आजाराचं नाव कोणी घेत नाही, पण पुढे बॉर्डरलाइन म्हटलं की ॲलेक्सचं उदाहरण द्यायची रीतच पडली. मानसशास्त्राच्या काही वर्गांमध्येसुद्धा.

गंमत म्हणजे, गंमत कसली म्हणा, त्या चित्रपटाचा मूळ शेवट वेगळा होता. ॲलेक्स स्वतःचा जीव घेते आणि खुनाचा संशय त्या माणसावर येतो, असा. ट्रायल शोच्या प्रेक्षकांना तो रुचला नाही. त्यांना तिला शिक्षा झालेली पाहायची होती. मग नवा शेवट चित्रित झाला: ती सुरी घेऊन त्याच्या घरात शिरते आणि त्याची बायको तिला गोळी घालते. ॲलेक्सचं काम करणाऱ्या ग्लेन क्लोज यांचा या बदलाला विरोध होता. भूमिकेसाठी त्या मनोविकारतज्ज्ञांशी बोलल्या होत्या आणि त्यांच्या लेखी ॲलेक्स खलनायिका नव्हती. शेवट बदललाच. चित्रपट तुफान चालला.

माझ्या मते या आजाराबद्दलचा सगळा अपप्रचार त्या एका संकलनात सापडतो. सुरीचं टोक फिरवलं गेलं. या आजारात सुरी बहुतेक वेळा स्वतःकडे वळलेली असते. आत्महत्येचा धोका खरा आणि मोठा आहे. जुनी पुस्तकं दहात एक असं सांगायची, नंतरच्या दीर्घ पाहण्यांत तो आकडा खाली आला, तरी सर्वसामान्य लोकांच्या मानाने तो कितीतरी जास्त आहे. म्हणजे पडद्यावर जिच्यापासून इतरांना वाचवायचं असतं, तिलाच प्रत्यक्षात वाचवायचं असतं. ग्लेन क्लोज यांनी पुढे २०१० मध्ये मानसिक आजारांभोवतीचा कलंक कमी करण्यासाठी एक संस्था उभारण्यात पुढाकार घेतला. त्यामागे त्यांच्या बहिणीचा बायपोलर आजार होता.

सगळं वाईटच दाखवलं जातं असं नाही. २०१५ ते २०१९ या काळात चाललेल्या ‘क्रेझी एक्स-गर्लफ्रेंड’ या अमेरिकन मालिकेने आपल्या नावातल्या शिवीचाच समाचार घेतला. तिसऱ्या हंगामात नायिकेला बॉर्डरलाइनचं निदान होतं, ती आधी हरखते, मग हादरते, मग वैतागत का होईना गटउपचाराला जाऊन बसते. आपल्याकडे मराठी सिनेमाने स्किझोफ्रेनियाला ‘देवराई’त आणि नैराश्याला ‘कासव’मध्ये माणसासारखं वागवलंय. बॉर्डरलाइनच्या वाट्याला अजून मालिकांमधली डोळे गरागरा फिरवणारी ‘सायको’ प्रेयसीच येते.

आणि वर्तमानपत्रातला ‘माथेफिरू’. पार्किंगमधल्या दुचाक्या जाळणारा माथेफिरू, एकतर्फी प्रेमातून हल्ला करणारा माथेफिरू. या शब्दाने बातमीदाराचं काम सोपं होतं: कारण शोधावं लागत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २४ नुसार उपचार घेत असलेल्या व्यक्तीचा फोटो किंवा तिच्याबद्दलची माहिती तिच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. आत्महत्यांच्या बातम्या कशा द्याव्यात यावर भारतीय प्रेस परिषदेने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. मथळा लिहिणाऱ्या टेबलापर्यंत त्या किती पोचल्या, ते रोज सकाळी चहाबरोबर दिसतंच.

समाजमाध्यमांनी यात वेगळीच भर घातली. २०२२ मध्ये अमेरिकेत हॉलिवूड अभिनेता जॉनी डेप आणि त्याची पूर्वीची पत्नी, अभिनेत्री अँबर हर्ड यांचा बदनामीचा खटला थेट प्रक्षेपित झाला. डेपच्या बाजूच्या मानसशास्त्रज्ञाने हर्डला बॉर्डरलाइनचं निदान लागू होतं अशी साक्ष दिली. हर्डच्या बाजूच्या तज्ज्ञाने तिला आघातोत्तर ताणाचा विकार असल्याचं सांगितलं. दोन तज्ज्ञ, एकच व्यक्ती, दोन निष्कर्ष. जगभरच्या रील्समध्ये मात्र ‘बॉर्डरलाइन’ हा शब्द ‘खोटारडी’ या अर्थाने फिरला. खटला कोणी जिंकला याच्याशी मला इथे देणंघेणं नाही. एका आजाराचं नाव आरोपासारखं वापरलं गेलं आणि ते माझ्या बहिणीच्या वयाच्या हजारो मुलींनी ऐकलं, एवढंच.

‘बॉर्डरलाइन माणसं दुसऱ्याला बरोब्बर खेळवतात,’ हे वाक्य तर दवाखान्यांतही ऐकू येतं. १९८८ मध्ये ग्लिन लुईस आणि लुई ॲपलबी या ब्रिटिश संशोधकांनी मनोविकारतज्ज्ञांना एका रुग्णाचं वर्णन वाचायला दिलं. काहींच्या कागदावर एवढंच जादा लिहिलं होतं की, या रुग्णाला पूर्वी व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान झालंय. त्या एका ओळीने मत फिरलं. तोच रुग्ण लक्ष वेधून घेणारा, त्रासदायक, मदतीला कमी लायक वाटू लागला. लेबल लावणारेच लेबलाला फसले.

खेळवणं म्हणजे थंड डोक्याने आखणं. रात्री अकरा मिस्ड कॉल देणाऱ्या मुलीत थंड डोकं कुठे असतं? विहिरीत बुडणारा माणूस वाचवायला उतरलेल्याच्या गळ्यालाच मिठी मारतो. वाचवणाऱ्याचा श्वास खरोखर कोंडतो, तो त्रास खोटा नाही. पण बुडणाऱ्याने त्याला मारायचा बेत केलेला नसतो. घरच्यांचा त्रास खरा आहे हे मी मुद्दाम म्हणतेय, कारण आजार समजून घेणं म्हणजे शिव्या, फेकाफेक, धमक्या मुकाट सोसणं नव्हे. आत्याने ते वर्षानुवर्षं सोसलं आणि त्याने कोणाचंच भलं झालं नाही.

हा बायकांचा आजार आहे, ही आणखी एक समजूत. दवाखान्यातल्या नोंदी पाहिल्या तर चारात तीन बायका दिसतात. पण २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वसामान्य लोकांच्या पाहणीत स्त्री-पुरुषांचं प्रमाण जवळजवळ सारखं निघालं: ६.२ आणि ५.६ टक्के. मग पुरुष जातात कुठे? ते दारू सोडवण्याच्या केंद्रात, पोलीस ठाण्यात किंवा काहीच नाव न मिळता घरात असतात. आपल्याकडे ताट भिरकावणारी बाई वेडी ठरते आणि ताट भिरकावणारा बाप ‘तापट होता, पण मनाने चांगला’ म्हणून हार घातलेल्या फोटोत जाऊन बसतो. ब्रँडन मार्शल या अमेरिकन फुटबॉलपटूने २०११ मध्ये आणि विनोदी कलाकार पीट डेव्हिडसनने २०१७ मध्ये आपलं निदान स्वतःहून सांगितलं, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की हे पुरुषांनाही होतं.

बायपोलरशी होणारी गल्लत थोडक्यात: बायपोलरमधला चढ किंवा उतार दिवस-आठवडे टिकतो, आणि त्याला बाहेरचं निमित्त लागतंच असं नाही. बॉर्डरलाइनमधली लाट तासाभरात येते-जाते आणि बहुधा नात्यातल्या कशाला तरी धडकून उठते. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, म्हणून हे निदान रील बघून करायचं नसतं.

कारण काय, असं विचारलं की बोट आईकडे जातं. बालपणीचा छळ, दुर्लक्ष, लैंगिक अत्याचार यांचा इतिहास अनेकांच्या आयुष्यात सापडतो, पण सगळ्यांच्या नाही. स्वीडनमधल्या मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा ४६ टक्क्यांच्या आसपास निघाला. जन्मतः हळवी मज्जासंस्था आणि ‘रडायला काय झालं, एवढंसं तर लागलंय’ म्हणणारं घर, या दोन्हींची गाठ पडली की तिढा घट्ट होतो. घर वाईटच असावं लागतं असं नाही; नुसतं न जुळणारंही पुरतं.

आता सगळ्यात मोठी चूक: हा स्वभाव आहे, बदलत नाही. बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झनारिनी यांनी १९९० च्या दशकात २९० बॉर्डरलाइन रुग्णांचा पाठपुरावा सुरू केला. हे सगळे सुरुवातीला रुग्णालयात दाखल असलेले, म्हणजे काठावरचे नव्हेत, चांगलेच आजारी. दहा वर्षांत त्यांतल्या ९३ टक्क्यांची लक्षणं निदानाच्या पातळीखाली येऊन किमान दोन वर्षं तिथे टिकली. सोळा वर्षांत हे प्रमाण ९९ टक्के झालं. हे आकडे मी आत्याला वाचून दाखवले तेव्हा तिने पुन्हा वाचायला लावले. अर्थात त्यात एक खोच आहे. लक्षणं शमणं वेगळं आणि आयुष्य मार्गी लागणं वेगळं. नोकरी टिकणं, एखादं तरी जवळचं नातं धरून राहणं हेही मोजलं, तर दहा वर्षांनी निम्मेच तिथवर पोचले होते. आग विझते, पण घर पुन्हा बांधायला वेळ लागतो.

याच मॅक्लीनमध्ये १९६७ साली सुझाना केसन नावाच्या १८ वर्षांच्या मुलीला एका डॉक्टरने थोड्या वेळाच्या भेटीनंतर भरती केलं आणि ती सुमारे दोन वर्षं तिथे राहिली. पुढे वकिलामार्फत आपली फाइल मिळवून त्यातलं ‘बॉर्डरलाइन’ निदान तिने आपल्या आठवणींच्या पुस्तकात उलटसुलट तपासलं. ज्या इमारतींत हा शब्द शिक्क्यासारखा उमटला, तिथेच तीस वर्षांनी तो पुसला जाऊ शकतो हे मोजलं जात होतं.

उपचारांत गोळ्यांची बाजू लंगडी आहे. या आजारासाठी म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मंजूर केलेलं एकही औषध नाही. सोबतचं नैराश्य, झोप, चिंता यांसाठी डॉक्टर औषधं देतात आणि ती मनाने बंद करू नयेत. मुख्य काम बोलून आणि शिकून होतं. लिनेहान यांच्या पद्धतीचं नाव डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी. तिची पहिली शास्त्रीय चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तू आत्ता आहेस तशी मला मान्य आहेस, आणि तुला बदलावंही लागेल, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी मानायची, हा तिचा गाभा. साधारण वर्षभर, आठवड्याला एकदा एकट्याची भेट, एकदा गटात कौशल्यांचा वर्ग. वर्ग म्हणजे खरंच वर्ग: वही, गृहपाठ, रोज संध्याकाळी भावनांची नोंद. २०११ मध्ये लिनेहान यांनी जाहीरपणे सांगितलं की १७ व्या वर्षी त्या स्वतःच रुग्णालयात बंद खोलीत होत्या, आणि हे सांगण्यासाठी त्यांनी हार्टफर्डमधलं तेच रुग्णालय निवडलं.

आपल्याकडे या पद्धतीत शिकलेले लोक मोठ्या शहरांत एकवटलेत आणि फी प्रत्येकाला झेपत नाही, ही अडचण खरी आहे. पण अगदी अडलंच, किंवा जीव द्यावासा वाटला, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्री, मराठीतही बोलतो. आत्महत्येच्या प्रयत्नाला आता पोलिसांच्या भीतीने लपवायची गरज नाही. २०१७ च्या कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलंय.

घरच्यांना एकच गोष्ट शिकायची असते आणि ती महाकठीण आहे. भावना मान्य करणं म्हणजे वागणं मान्य करणं नव्हे. ‘एवढं काय त्यात’ याऐवजी ‘त्याने फोन उचलला नाही म्हणून घाबरलीस, हो ना?’ बस्स. लगेच उपाय सांगायचा नाही, शेजारच्या मंजूचं उदाहरण द्यायचं नाही. आत्या अजूनही दहातून सहा वेळा चुकते आणि मग जीभ चावते.

अशाच एका कौशल्यांच्या वर्गात बहिणीला एक युक्ती शिकवली. लाट चढली की पातेल्यात बर्फाचं पाणी घ्यायचं, श्वास रोखून त्यात चेहरा बुडवायचा, पंधरा-वीस सेकंद. थंड पाण्याने चेहरा भिजला की शरीर बुडी मारल्यासारखं वागतं, हृदयाचे ठोके मंदावतात आणि डोक्याला विचार करायला जरा जागा मिळते. (हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.) परवा उन्हातून त्यांच्याकडे गेले, फ्रीजर उघडला आणि सरबतासाठी बर्फाचा ट्रे काढला. आत्याने तो माझ्या हातातून घेऊन परत आत ठेवला.

“तो तिचा आहे,” ती म्हणाली. “तू माठातलं घे.”